शब्दांची विचारपूस : 'सॉन्टर' खरंच पवित्र भूमीहून आला का?

या वेळच्या पत्रांत भटकंतीच्या इंग्रजी शब्दांबद्दल बरेच प्रश्न आले आहेत. त्यांतला 'सॉन्टर'चा प्रश्न अनेकांनी विचारला आहे, म्हणून तोच आधी घेतो आणि त्याला जागाही जास्त देतो.

प्रश्न : 'सॉन्टर' म्हणजे रमतगमत चालणं. मध्ययुगात जेरुसलेमच्या यात्रेला निघालेले लोक वाटेतल्या गावांत 'आ ला सँत तेर', म्हणजे 'पवित्र भूमीकडे', असं सांगत. त्यावरून त्यांना 'सँत-तेरर' म्हणू लागले आणि पुढे 'सॉन्टर' झालं, असं वाचनात आलं. हे खरं का?

उत्तर : गोष्ट सुरेख आहे आणि जुनीही आहे, पण शब्दाच्या इतिहासाशी तिचा मेळ बसत नाही.

आधी ती पसरली कशी ते पाहू. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून ती छापलेली सापडते. सॅम्युएल जॉन्सनने १७५५च्या आपल्या इंग्रजी कोशात 'सॉन्टर'च्या नोंदीत ती दिली आणि तिला कोशाचं वजन मिळालं. अमेरिकन लेखक हेन्री डेव्हिड थोरोने चालण्यावरच्या निबंधाची सुरुवात याच व्युत्पत्तीने केली. तो निबंध 'अटलांटिक मंथली'च्या जून १८६२च्या अंकात, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर महिनाभरातच, प्रसिद्ध झाला. आज मोबाइलवर फिरणारा मजकूर बहुतेक वेळा अमेरिकन निसर्गलेखक जॉन म्यूरच्या नावाने असतो. तो संवाद म्यूरबरोबर डोंगरात चाललेल्या एका सहप्रवाशाने १९११ साली छापलेल्या पुस्तकातून आलेला आहे.

जॉन्सनच्या नोंदीत यात्रेकरूंचं कौतुक अजिबात नाही, ही गोष्ट फिरत्या मजकुरातून गळून पडते. तो म्हणतो ते आळशी लोकांबद्दल. पवित्र भूमीला निघाल्याची बतावणी करत ते गावोगाव भीक मागत फिरत. थोरोने यात्रेला खरोखर निघालेला तोच खरा 'सॉन्टरर' असं म्हणत त्या शब्दाला मान दिला. साहित्य म्हणून ते अप्रतिम आहे, पण व्युत्पत्तीचा पुरावा म्हणून त्याचा उपयोग नाही.

आता पुरावा. पहिली अडचण अर्थाची आणि काळाची. हा शब्द पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात 'सान्ट्रेन' अशा रूपात दिसू लागतो आणि तेव्हा त्याचा अर्थ चालण्याचा नाहीच. 'विचारात गढून जाणं, तंद्री लागणं' असा तो आहे. सावकाश चालण्याचा अर्थ १६६०च्या दशकात येतो. म्हणजे आधी मन भरकटत होतं, पाय मागाहून चालू लागले. शब्द यात्रेकरूंवरून आला असता, तर चालण्याचा अर्थ सर्वांत जुना असायला हवा होता आणि तंद्रीचा नंतरचा. इथे क्रम नेमका उलटा आहे. शिवाय क्रुसेडवाल्यांचं, म्हणजे धर्मयुद्धाला गेलेल्या ख्रिस्ती सैन्यांचं, पवित्र भूमीतलं शेवटचं मोठं ठाणं, आक्रे, १२९१ साली पडलं. त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षं या शब्दाचा मागमूस नाही.

दुसरी अडचण स्वराची, आणि आमच्या मते हीच सर्वांत पक्की. फ्रेंचमधून इंग्रजीत आलेल्या शब्दांचे स्वर मनाला येतील तसे बदलत नाहीत. जुन्या फ्रेंचमध्ये ज्या शब्दांत 'ए-एन-टी' होतं, त्यांतले अनेक इंग्रजीत 'ए-यू-एन-टी' होऊन आले : 'आँत'चं 'आँट' (मावशी-आत्या), 'हाँते'चं 'हॉन्ट' (पुन्हा पुन्हा येणं), 'व्हाँते'चं 'व्हॉन्ट' (बढाई मारणं). स्पेलिंग लिहून पाहा, तिन्हींत 'ए-यू' दिसेल. उलट जिथे फ्रेंचमध्ये 'ए-आय' किंवा 'ई-आय' होतं, तिथे इंग्रजीतही 'ए-आय'च राहिलं : सेंट (संत), पेंट (रंग), फेंट (फिकट). 'सँत' याच दुसऱ्या घरातला. त्याच्यापासून शब्द झाला असता तर तो 'सेंटर'च्या जवळपास कुठेतरी गेला असता, 'सॉन्टर' झाला नसता.

तिसरी अडचण फ्रेंच बाजूची. ज्या अर्थी इंग्रजांनी तो शब्द फ्रेंचांकडून उचलला असं म्हणायचं, त्या अर्थी फ्रेंचमध्ये यात्रेकरूला किंवा भटक्याला 'सँततेर' म्हटल्याची नोंद हवी. ती नाही.

जॉन्सनने आणि थोरोने दुसराही पर्याय दिला आहे : 'साँ तेर', म्हणजे बिनजमिनीचा, बेघर. इथे स्वर जुळतो, हे मान्य करायला हवं. पण शब्दाचा सर्वांत जुना अर्थ तंद्रीचा, त्यामुळे हाही पर्याय तिथेच अडतो. तिसरं एक मत असं की अँग्लो-फ्रेंच 'साँत्रे', मूळ 'साव्हाँत्युरे' म्हणजे 'स्वतःला धोक्यात घालणं', यातून तो आला. मध्ययुगीन इंग्रजीत 'अ‍ॅडव्हेंचर'चं 'ऑन्टर' असं आखूड रूप खरोखर होतं, त्यामुळे ध्वनी चांगला बसतो. अर्थाची उडी मात्र मोठी आहे. जीव धोक्यात घालणारा माणूस आणि तंद्रीत हरवलेला माणूस यांना जोडणारी मधली पायरी सापडत नाही. ऑक्सफर्डच्या कोशकारांनी या मताला 'असंभाव्य' ठरवलं आहे. म्हणून चांगल्या कोशात या शब्दापुढे 'मूळ अनिश्चित' एवढंच लिहिलेलं असतं. ते वाचून निराश होऊ नये. प्रत्येक पर्याय तपासून, तो का बसत नाही ते पाहून मगच हे दोन शब्द लिहिले जातात.

प्रश्न : मी अनुवाद करते. 'सॉन्टर'ला 'भटकणे' चालेल का? की 'फेरफटका मारणे'?

उत्तर : 'भटकणे' नको. भटकण्यात ठिकाण आणि दिशा नसते, पण चाल कशी आहे हे त्यात कळत नाही. 'सॉन्टर' आजच्या इंग्रजीत मुख्यतः चालीचा शब्द आहे : घाई नाही, अंग सैल, आणि चेहऱ्यावर 'मला कुणाची पर्वा नाही' असा भाव. अंतर बहुधा छोटं असतं. माणूस खोलीत 'सॉन्टर' करत येतो, रस्ता ओलांडतो, दारावरून जातो. बैठकीला अर्धा तास उशीर झालेला माणूस 'सॉन्टर्ड इन' असेल, तर 'तो भटकत आत आला' हे हास्यास्पद होईल. तिथे 'काही झालंच नाही अशा थाटात आत आला' असंच लिहावं लागतं. बागेत, नदीकाठी, सुट्टीच्या संध्याकाळी असेल तर 'रमतगमत' अगदी नेमका. त्यात रमणं आणि जाणं दोन्ही आहे, आणि 'सॉन्टर'च्या जुन्या तंद्रीच्या अर्थाशीही त्याचं नातं लागतं. मराठीतला हा शब्द आम्हाला मूळ इंग्रजी शब्दापेक्षा सरस वाटतो.

'फेरफटका मारणे' हे 'स्ट्रोल'साठी ठेवा. फेरफटक्यात आपण निघालो तिथे परत येतो आणि हेतू विरंगुळ्याचा असतो. गंमत म्हणजे सतराव्या शतकाच्या सुरुवातीला 'स्ट्रोल'चा अर्थही बेघर होऊन हिंडणं असाच होता. बहुधा जर्मन बोलीतून आलेला हा शब्द काही दशकांतच सभ्य झाला.

'लॉइटर'ला 'रेंगाळणे' चपखल. हा शब्द बहुधा मध्ययुगीन डच 'लोटेरेन'शी नात्यातला आहे, आणि त्याचा अर्थ सैल होऊन हलणं, जसा पडायला आलेला दात हलतो. एका जागी टिकत नाही आणि सुटतही नाही, हे रेंगाळण्याचं चित्र त्यात हुबेहूब आहे. 'गॅलिव्हँट'ला 'उंडारणे', 'ट्रज'ला 'पाय ओढत चालणे'. 'वणवण' यांपैकी कशालाच वापरू नका. तिच्यात गरज आणि हाल आहेत, आणि इंग्रजीत तेवढं एका क्रियापदात बसत नाही.

व्याकरणाची एक चूक नेहमी होते. 'सॉन्टर' अकर्मक आहे. 'सॉन्टर द रोड' होत नाही. मध्ये 'अलाँग', 'डाउन', 'अक्रॉस', 'पास्ट' यांपैकी काहीतरी लागतं. आणि 'क्विकली' त्याच्या शेजारी बसवलं की वाक्य स्वतःशीच भांडू लागतं.

प्रश्न : मग 'रोम'ला जाणाऱ्यांवरून 'रोम' (हिंडणं) हेही खोटंच का? आणि यात्रेवरून आलेला एकही शब्द खरा नाही का?

उत्तर : 'रोम'ची गोष्टही टिकत नाही, पण तिला आधार मात्र जास्त आहे. इटालियनमध्ये रोमच्या यात्रेकरूला 'रोमेओ' आणि स्पॅनिशमध्ये 'रोमेरो' म्हणत, हे खरं आहे. शेक्सपिअरनेही सहाव्या हेन्रीवरच्या पहिल्या नाटकात शहर आणि क्रियापद यांच्यावर कोटी केली आहे.

अडचण पुन्हा स्वराचीच. क्रियापदाच्या स्पेलिंगमध्ये 'ओ-ए' आहे. ही जोडी 'बोट' (नाव) सारख्या शब्दांतली, जिथे जुन्या इंग्रजीत दीर्घ 'आ' होता. शहराच्या नावात मात्र जुना दीर्घ 'ओ' होता, तो पुढे 'ऊ' झाला. त्यामुळे शहराचा उच्चार बराच काळ 'रूम' असाही होत असे. शेक्सपिअरच्याच 'ज्युलिअस सीझर'मध्ये रोम शहर आणि 'रूम' म्हणजे जागा यांच्यावर कोटी आहे, ती या उच्चारामुळेच जमते. क्रियापद १३००च्या सुमारास लिखाणात दिसतं. तेव्हा हे दोन स्वर वेगवेगळे होते. ते शहरावरून आलं असतं तर आज आपण हिंडण्याला 'रूम' म्हणत असतो. क्रियापदाचं मूळ जुन्या इंग्रजीतल्या 'रामिअन' अशा, प्रत्यक्ष लिखाणात न सापडलेल्या रूपाकडे नेतात.

यात्रेवरून आलेला खरा शब्द हवा असेल तर 'कँटर' घ्या, घोड्याची दुडकी आणि भरधाव यांमधली चाल. आर्चबिशप टॉमस बेकेटची ११७० साली कँटरबरीच्या कॅथीड्रलमध्ये हत्या झाली, ११७३ साली त्याला संतपद मिळालं आणि त्याच्या समाधीकडे यात्रेकरूंची रीघ लागली. १५३८ मध्ये ती समाधी मोडून टाकली गेली. घोड्यावरून सोयीने जाणाऱ्या त्या यात्रेकरूंची चाल ती 'कँटरबरी पेस', 'कँटरबरी गॅलप'. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तिचं नुसतं 'कँटर' उरलं. हा शब्द आम्ही मान्य करतो, कारण मधल्या सगळ्या पायऱ्या छापील मजकुरात दिसतात. 'सॉन्टर'मध्ये हव्या होत्या आणि नाहीत त्या याच पायऱ्या.

'पिल्ग्रिम' शब्दातच भटकंती आहे. लॅटिन 'पेरेग्रिनस' म्हणजे परका, आपल्या शेताच्या (आगेर) पलीकडून आलेला. एकाच शब्दात दोन 'र' जवळ आले की जीभ त्यांतला एक बदलते, तसं पहिल्या 'र'चा 'ल' झाला. 'पेरेग्रिन फाल्कन' या ससाण्याच्या नावात मात्र दोन्ही 'र' शाबूत आहेत. त्या जातीची पिल्लं घरट्यातून न काढता पक्षी प्रवासात असताना धरत, म्हणून त्याला 'प्रवासी' म्हटलं गेलं.

प्रश्न : अशा गोष्टी घरबसल्या तपासायच्या कशा?

उत्तर : क्रम पाळलात तर एका शब्दाला अर्धा तास पुरतो.

सर्वांत आधी शब्दाचा जुन्यात जुना लेखी वापर आणि त्या वापरातला अर्थ शोधा. आजचा अर्थ तात्पुरता बाजूला ठेवा. यासाठी 'ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी' सर्वांत उपयोगी. तिचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला, पहिली आवृत्ती १९२८ मध्ये पुरी झाली, आणि प्रत्येक अर्थाखाली सनावळीसह उताऱ्यांची रांग असते. ती सशुल्क आहे, पण अनेक ग्रंथालयांच्या सभासदत्वातून उघडता येते. १५००च्या आधीच्या शब्दांसाठी मिशिगन विद्यापीठाचा मध्ययुगीन इंग्रजीचा कोश इंटरनेटवर मोफत आहे. स्पेलिंग तेव्हा स्थिर नव्हतं, म्हणून शब्द एका रूपात सापडला नाही तर स्वर बदलून, शेवटी 'ई-एन' लावून पुन्हा शोधा. इथेच बहुतेक जण हात टेकतात.

मग खुणा नीट वाचा. सनाआधी रोमन 'सी' असेल तर 'त्या सुमारास', 'ए' असेल तर 'त्या वर्षाच्या आधी कधीतरी'. शब्दाआधी तारा (फुली) असेल तर ते रूप कुठल्याही हस्तलिखितात सापडलेलं नाही, अभ्यासकांनी नियमांवरून बांधलेलं आहे. वर सांगितलेलं 'रामिअन' असंच तारांकित आहे. तारा न पाहता असं रूप 'जुना शब्द' म्हणून पुढे पाठवलं की नवी अफवा तयार होते.

त्यानंतर ज्या भाषेतून शब्द आला म्हणतात, त्या भाषेत तो होता का ते पाहा. फ्रेंचसाठी 'त्रेझोर' हा मोठा कोश इंटरनेटवर मोफत आहे. मग त्याच काळात त्याच वाटेने आलेले चार शब्द शेजारी मांडा आणि त्यांच्या स्वरांचं काय झालं ते बघा, वर 'आँट-हॉन्ट-व्हॉन्ट'चं केलं तसं. ही पायरी लोक हमखास गाळतात, आणि खोटी व्युत्पत्ती बहुधा इथेच उघडी पडते.

शेवटी त्या गोष्टीचंही वय काढा. शब्द पंधराव्या शतकातला आणि त्याची कथा सतराव्यातली, तर कथा सांगणाऱ्याने ते घडताना पाहिलेलं नाही. त्याच्यापुढे शब्द होता आणि तो सोडवायला त्याने काहीतरी जुळवलं. यालाच लोकव्युत्पत्ती म्हणतात. कधी ती नुसती कथा राहते, तर कधी शब्दाचं रूपच बदलून टाकते. 'क्रेफिश' या झिंग्यासारख्या प्राण्याच्या नावाचा माशाशी काही संबंध नाही. जुन्या फ्रेंच 'क्रेव्हिस'चा शेवट इंग्रजी कानांना 'फिश'सारखा वाटला, एवढंच.

प्रश्न : 'व्हॅगाबाँड' आणि 'व्हेग्रंट' एकाच धातूचे ना?

उत्तर : दिसतात तसे, पण नाहीत. 'व्हॅगाबाँड' लॅटिन 'व्हागारी' (भटकणं) वरून. 'व्हेग' (अस्पष्ट), 'एक्स्ट्रॅव्हॅगंट' (मर्यादेबाहेर भटकलेला) आणि मेंदूतून निघून छातीपोटापर्यंत फिरणारा दहावा मज्जातंतू, 'व्हेगस', ही त्याचीच भावंडं. 'व्हेग्रंट'चं जुनं अँग्लो-फ्रेंच रूप 'वाक्रांत', आणि त्याचं मूळ जर्मानिक, 'वॉक'च्या घराण्यातलं. लॅटिन शब्दाच्या शेजारामुळे त्याचा 'व' पुढे 'व्ह' झाला.

या शब्दांमागे कायद्याचा बडगा होता हे विसरू नये. इंग्लंडमध्ये १५४७च्या कायद्याने काम न करता फिरणाऱ्याच्या अंगावर 'व्ही' अक्षर डागून त्याला दोन वर्षं गुलाम करण्याची तरतूद केली. कायदा इतका क्रूर होता की दोन-तीन वर्षांतच तो रद्द करावा लागला. पण फिरत्या माणसाकडे संशयाने पाहण्याची वृत्ती राहिली, १८२४च्या भटक्यांविरुद्धच्या कायद्यातही ती आहे. 'सॉन्टर'ची कथा रचणाऱ्याला रस्त्यावरचा माणूस भोंदू यात्रेकरू वाटला, तो याच हवेत, असं आम्हाला वाटतं.

प्रश्न : 'मिअँडर' भूगोलातला शब्द आहे की भटकण्याचा?

उत्तर : आधी एका नदीचं नाव. ग्रीक 'मायँद्रोस', आजच्या तुर्कस्तानातली ब्यूयुक मेंदेरेस. ती इतकी वळते की कुठल्याही वाकड्यातिकड्या गोष्टीला तिचंच नाव देतात, असं ग्रीक भूगोलकार स्त्राबोने दोन हजार वर्षांपूर्वी नोंदवलं आहे. तिच्या मुखाजवळचं मिलेटस हे मोठं बंदर तिच्याच गाळाने समुद्रापासून तुटलं आणि आज जमिनीत आत पडलं आहे. इंग्रजीत नाम सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात आलं, क्रियापद सतराव्याच्या सुरुवातीला.

वळणाच्या बाहेरच्या काठाला पाणी जोरात लागून काठ खचतो, आतल्या बाजूला वेग कमी पडून वाळू साचते, त्यामुळे वळण वाढतच जातं. दोन वळणं पुरी व्हायला लागणारं अंतर पात्राच्या रुंदीच्या साधारण १० ते १४ पट असतं. म्हणजे २० मीटर रुंद ओढ्यात २०० ते २८० मीटर. प्रवाहाची प्रत्यक्ष लांबी सरळ अंतराच्या दीडपट किंवा जास्त झाली की भूगोलवाले त्या नदीला 'मिअँडरिंग' म्हणतात. वळणाची मान फारच अरुंद झाली तर पुरात पाणी ती तोडून सरळ जातं आणि मागे नालाकृती सरोवर उरतं.

माणसासाठी वापरताना हे चित्र लक्षात ठेवा. 'सॉन्टर' सरळ रस्त्यावरही करता येतं, 'मिअँडर'ला वळणं हवीतच. म्हणून तो वाटेला, गल्लीला, लांबलेल्या भाषणाला शोभतो. मराठीत पहिल्या दोन्हींना 'नागमोडी' आणि भाषणाला 'भरकटलेलं'.

प्रश्न : 'सॉन्टर'चा उच्चार 'सान्टर' केला तर चूक का?

उत्तर : ब्रिटिश इंग्रजीत 'सॉन्टअ', शेवटचा 'र' पुढे स्वर असेल तरच ऐकू येतो. अमेरिकेत 'सॉन्टर' आणि 'सान्टर' दोन्ही चालतात. 'सेंटर' मात्र कुठेच नाही.